वजन उतरल्याचं अभिनंदन

गेल्या रविवारी कडेगावला गेले होते. सांगलीहून विट्याला एसटी बदलून. माझ्या भाचीचं, ऋतुजाचं केळवण होतं, तिच्या आत्याच्या घरी... आमच्याकडे याला गडगनेर म्हणतात. लग्नाआधी नात्यातली घरं नवरीला बोलावून पोटभर जेवू घालतात, एवढाच त्याचा अर्थ.

मी इथे फारसं लिहीत नाही. ताई गेली तेव्हाही लिहिलं नव्हतं. पण रविवारपासून राग काही केल्या जात नाहीये.

ताई म्हणजे ऋतुजाची आई, माझी मोठी बहीण. साताऱ्यात असायची. अंगाने पहिल्यापासून भरलेली, आणि त्यावरून तिने आयुष्यभर ऐकून घेतलं... स्थळं बघताना, बाळंतपणानंतर, हळदीकुंकवाला, अगदी साडीच्या दुकानातसुद्धा. हसून ऐकायची.

मग दोन वर्षांपूर्वी ती बारीक व्हायला लागली. रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालायला जायची, तिला वाटलं त्याचाच गुण आला. सगळ्यांनी कौतुक केलं. कुणी डाएट विचारलं, कुणी म्हणालं, वय एकदम कमी दिसायला लागलं की! ताईने हौसेने सगळ्या ब्लाउजना टिपा मारून आणल्या.

डॉक्टरांकडे गेलो तोवर पोटातला आजार पसरला होता. वजन उतरायला लागलं तेव्हाच यायला हवं होतं, असं ते म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पण ज्या गोष्टीसाठी माणसं आपलं अभिनंदन करतात, ती घेऊन दवाखान्यात कोण जातं?

ताईला जाऊन आता वर्ष होत आलं. वर्षाच्या आत लग्न करायचं म्हणून ऋतुजाचं घाईने ठरलं. मुलगा चांगला आहे, ताईनेच पाहून ठेवलेला.

रविवारी मी तिला बऱ्याच महिन्यांनी पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली. हात उचलला की बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या.

आणि हॉलमधल्या बायका मात्र खूश! नवरी कशी शेपमध्ये आली, लग्नाआधी असंच पाहिजे, कुठली जिम लावलीस... ऋतुजा सगळ्यांकडे बघून हसत होती. तिची आई हसायची, तसंच.

ताट बघण्यासारखं वाढलं होतं. पाटाभोवती रांगोळी, झेंडूच्या पाकळ्या, पुरणपोळ्या, गुळवणी, कटाची आमटी, कुरडया. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले. फोटो झाले आणि आत्यांनी वाकून तिच्या ताटातल्या पोळ्या उचलल्या... अर्धी तेवढी ठेवली. आता लग्नापर्यंत तोंडाला कुलूप, न्हाईतर शालूत दोन नवऱ्या दिसायच्या, असं म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

जेवायला बोलावलेल्या मुलीच्या पानातून, ती जेवायच्या आधी! आणि यात काही चुकतंय असं त्या खोलीत कुणालाच वाटलं नाही.

आत्या वाईट नाहीत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. ताईच्या आजारपणात याच नणंदेने तिचं सगळं केलं, उशाशी बसून चमच्याने पेज भरवली. म्हणून तर त्यांचं पुढचं बोलणं मला सहन झालं नाही. पोळ्या आत नेता नेता त्या शेजारणीला म्हणाल्या, "आईवर गेलीया पोरगी. वहिनी पण शेवटाला कसली बारीक झाल्याली... लय छान दिसायची."

मी चारचौघींत बोलत नाही. आवाज तर कधीच चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "अक्का, तेव्हा ती मरत होती."

अक्का पोळ्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी ऋतुजाच्या पाटाशेजारी जमिनीवर बसले आणि तिला विचारलं, "तुला बरं वाटतंय ना गं?"

ती खाली मान घालून, रांगोळीकडे बघत हळूच म्हणाली, "नाही वाटत, मावशी. मी डाएट वगैरे काही करत नाहीये... नीट जेवते, तरी उतरतंय. छातीत धडधडतं. सगळे छान म्हणतायत, त्यात हे कसं सांगू?"

आईचं काय झालं हे जिने डोळ्यांनी पाहिलं, ती मुलगी ही भीती मनात ठेवून लग्नाची खरेदी करत फिरत होती... का, तर आमच्या कौतुकावर पाणी पडू नये म्हणून. बाईचं अंग कमी झालं की आपल्याला इतका आनंद होतो, की ती आजारी असेल ही शंकासुद्धा मनाला शिवत नाही. वाढलं तर मात्र दहा जणी विचारायला पुढे... काय झालं गं, थायरॉइड बघितलंस का?

अक्कांनी पोळ्या परत ताटात ठेवल्या. वर तूप वाढलं. "खा बाई," एवढंच म्हणाल्या, आणि तिचं जेवण होईपर्यंत तिथून उठल्या नाहीत.

मंगळवारी ऋतुजाला सांगलीत डॉक्टरांना दाखवलं. अक्का न सांगता कडेगावहून आल्या, सगळ्या तपासण्या होईपर्यंत बाहेर बाकावर बसून होत्या. रिपोर्ट काल आले, ते घ्यायलाही अक्का आल्या होत्या. ताईचा आजार नाही... थायरॉइडचा त्रास आहे, औषधांनी आटोक्यात येईल म्हणाले. आम्ही दोघी दवाखान्यातच रडलो. वर्षभर अक्का आणि मी एकमेकींसमोर रडलो नव्हतो.

मी कुणाला उपदेश करणारी नाही. तरी एक सांगते. ओळखीतली एखादी अचानक बारीक दिसली, तर "छान दिसतेस" म्हणायच्या आधी "बरी आहेस ना?" एवढं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

ताईला कुणी विचारलं असतं, तर तीसुद्धा बहुतेक हसून "बरीच आहे की" म्हणाली असती. आयुष्यभर तेच शिकली होती. ऋतुजा हसली नाही, खरं ते बोलली... त्यासाठी तिचे मनापासून आभार.