जनावर अडलं तर दोन दाबा

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी मदतपुस्तिका लिहिते. कोणतं बटण दाबलं की काय होतं, ते साध्या मराठीत सांगायचं, एवढंच माझं काम. माझं गाव आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. त्यामुळे जुन्नर-आंबेगावकडच्या एका दूध संघाचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा ते आपसूकच माझ्याकडे आलं.

संघासाठी आम्ही फोनवरची सेवा केली होती. एक दाबलं की आदल्या दिवशीच्या दुधाचं फॅट ऐकू यायचं. दोन दाबलं की जनावरांच्या डॉक्टरला निरोप जायचा. तीन दाबलं की पेंडीची गाडी कधी येणार ते कळायचं. आवाजासाठी वेगळा माणूस बोलवायची कंपनीची ऐपत नव्हती, म्हणून 'नमस्कार'पासून सगळं माझ्याच आवाजात होतं.

मग संघानं पद्धत बदलली. तीन भागांना तीन डॉक्टर नेमले आणि लोकांनी त्यांना थेट फोन करावा असं ठरलं. दोन नंबरची सोय बंद करायची होती. आमच्या प्रोग्रॅमर बाईंनी ती जेवणाच्या सुट्टीआधी काढून टाकली. मला चार दिवस लागले. कारण मी ती गोष्ट कुठे 'दोन' अशी अक्षरात, कुठे मराठी आकड्यात आणि कुठे इंग्रजी आकड्यात लिहून ठेवली होती. तिन्ही वेगवेगळं शोधावं लागलं. स्क्रीनच्या फोटोंतलं तर शोधूनही सापडत नाही, एकेक उघडून डोळ्यानं बघावं लागतं. एका पानावर मी लिहिलं होतं, 'जनावर अडलं तर घाबरू नका, दोन दाबा.' ते वाक्य मला आवडायचं. तेही पुसलं आणि साहेबांना कळवलं की जुनं आता कुठेही काही उरलेलं नाही.

तीनेक आठवड्यांनी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या फोन वाजला. पलीकडे बाई होत्या आणि वाऱ्याचा आवाज होता.

"मी आहुप्याहून बोलते. म्हस अडलीया. उजाडल्यापासनं दोन दाबतीया, तर ती बाई परत पहिल्यापासनं नमस्कार म्हणतीया."

मी म्हटलं, "मावशी, ती सोय बंद झालीय. डॉक्टरांचा नंबर देते, लिहून घ्या."

त्या म्हणाल्या, "तुमीच का ती?"

"हो, आवाज माझाच आहे."

"मग सांगायचं ना त्यात, बंद झालंय म्हणून. मला न्हाई लिहिता येत. तुमीच लावा त्यांना."

मी लावला. डॉक्टर घोडेगावला होते. लगेच निघाले, तरी पोचेपर्यंत दुपार व्हायला आली. म्हैस वाचली. पारडू गेलं.

माझ्यावर कुणी ठपका ठेवला नाही. प्रोग्रॅमर बाई तेवढ्या म्हणाल्या, "बंद पर्याय दाबला की मेनू परत सुरू होतो, हे मला माहीत होतं. कुणी आता तो दाबेल असं वाटलं नाही." मलाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून दोनवर नवं वाक्य घातलं, 'ही सोय बंद झाली आहे, डॉक्टरांशी बोलण्यासाठी थांबा,' आणि पुढे फोन त्या भागाच्या डॉक्टरांना जोडून दिला. संघाला विचारलं ते नंतर.

पण त्या बाईंना दोनचं कुणी सांगितलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. रविवारी मी आहुप्याला गेले. त्यांचं घर देवराईच्या अलीकडे होतं. रागावतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी आधी पाणी दिलं, मग गोठ्यात नेलं. खांबाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमचा छापील कागद टांगलेला होता. तळाशी ऑफिसचा नंबर होता. तोच शेजारणीनं त्यांना लावून दिला होता.

"ह्यो कागद मी वाचलेला न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्या डेरीच्या भिंतीवर लिवलंय, त्ये सगळ्यांनी पाठ केलंय. वरच्या वळीतलं मधलं बटण. माझ्या सासूला बी ठावं हाय."

गावोगावच्या डेऱ्यांच्या भिंती मी विसरूनच गेले होते. त्या भिंतींचा मजकूर मीच दिला होता, आणि त्या रंगवल्या होत्या माझ्या वडिलांनी.

आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादा पेंटर. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कमानी रंगवता रंगवता त्यांचा हात बसला आणि पुढे दोन तालुक्यांतल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. फ्लेक्स आल्यावर काम आटलं. त्या काळात संघाच्या भिंतींचं काम मीच त्यांना मिळवून दिलं होतं. कंपनीच्या यादीत भिंती नव्हत्या, म्हणून माझ्याही यादीत नव्हत्या. आणि हे काम तर आमच्याच घरातलं, तरी सुटलं.

संध्याकाळी गावी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. पारडाचं ऐकून ते डोळे मिटून एकेक भिंत सांगायला लागले. कुठल्या गावात, दाराच्या कुठल्या बाजूला, ऊन कुठून येतं, कुठे वेल चढलाय. कागदावर एक अक्षर नव्हतं. अकरा भिंती निघाल्या.

मी म्हटलं, "नुसती एक रेघ मारू त्या ओळीवर. दोन दिवसांत उरकेल."

"खोडलेलं अक्षर माणूस जास्त वाचतो," दादा म्हणाले.

"मग चुना फासू."

"ऑइलपेंट हाय त्यो. चुना एक पावसाळा टिकंल, मग खालचं पुन्हा वर येईल. घासायचं, प्रायमर मारायचा, मग रंग. न्हाईतर हातच लावू नको."

पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही तेच केलं. स्कूटरवर ते पुढे, मी मागे, मांडीवर डबे. माझं काम पॉलिश पेपरनं घासायचं. दादांची अक्षरं कशी बसलीयत, ते तेव्हा हाताला कळलं. 'जनावर' घासताना खांदे भरून आले. दादा शेजारी उभे राहून बघत होते.

"वाईट वाटतं का?" मी विचारलं.

"वाटतंय थोडं. 'व' लई झ्याक जमला व्हता." मग म्हणाले, "पर चुकीचं सांगणारं अक्षर देखणं असून काय उपेग?"

रिकाम्या ओळीवर काय लिहायचं यावर आमची वादावादी झाली. मला पूर्ण सूचना हवी होती, डॉक्टरांच्या नंबरासकट. दादा म्हणाले, दहा आकडे पाठ कोण करणार, आणि डॉक्टर बदलले की पुन्हा घासायला कोण येणार? शेवटी एवढंच लिहिलं, 'डॉक्टर हवे असतील तर दोन दाबून थांबा.' माझ्या चार दिवसांच्या पानांपेक्षा हे बरं होतं. सोमवारी ऑफिसात मी पानंही तशीच केली. संघानं थोडी कुरकुर करून दोनची नवी सोय कायम ठेवली होती.

शेवटची भिंत मढ गावची. प्रायमर वाळेपर्यंत आम्ही पायरीवर बसून भाकरी खाल्ली. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातला माणूस मघापासून दारात उभा होता. दादांनी शेवटच्या अक्षराचा काना ओढला तसा तो रस्ता ओलांडून आला.

"राव, अक्षर काय सुरेख काढता! आमची पाटी कराल का? फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडला बघा."

दादांनी दुकानाकडे मान वर करून पाहिलं, पाटीची लांबी नजरेनं मोजली. "करू की. आजच आखून घेतो. फ्लेक्स काढून मागचा पत्रा पुसून द्या पहिला."

"दादा, मला उद्या ऑफिस आहे," मी म्हटलं.

"मग तू एसटीनं जा ना. डबे ठेव इथंच."

मी गेले. गाडी वळेपर्यंत खिडकीतून बघत होते. ते शिडीवर चढले होते आणि दुकानदार खाली दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. तिसऱ्या दिवशी ते घरी आले, ते मढमधल्या आणखी दोन पाट्यांची कामं घेऊन.