आत काय होतं, ते कुणी विचारलं नाही

खून-दरोड्यांचे तपास आता धूसर झालेत. पण माजलगाव भागातला एक साधा, शेतात शिरल्याचा गुन्हा मनातून जात नाही.

एका सकाळी पोलीस पाटलाचा फोन आला. एका बागायतदाराच्या कपाशीत कुणीतरी सारखं शिरतंय, आज एक बाई धरून ठेवलीय. पंचनाम्याला गेलो. बांधाजवळ थोडी जमीन हाताने सारवल्यासारखी सपाट केलेली होती. त्यावर सांडलेलं दूध आणि दोन इवल्या काळ्या बांगड्या.

"करणी हाय साहेब ही," मालक म्हणाला. "गुन्हा दाखल करा."

बाई तिशीची, ऊसतोडीला जाणारी. ठाण्यात मी विचारलं, "कशाला गेलतीस?"

"गेलते," एवढंच ती म्हणाली. दरडावलं, समजावलंही. शेवटी आमच्या महिला हवालदार तिच्याजवळ खाली बसल्या. "ताई, दूध कुणाला नेत होतीस?"

"लेकीला." मग तिचा बांध फुटला. "तान्ही व्हती. तिथंच पुरलीया. तवा रान आमचं व्हतं. आमी तोडीला गेलतो, मागं सासऱ्यानं इकलं."

मी मालकाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "वाईट वाटतं साहेब. पण आज दूध ठेवती, उद्या सासरचे जागा मागतील. मी पैसे मोजून घेतलंय रान." त्याची भीती खोटी नव्हती. फिर्याद कायम राहिली, तिला नोटीस दिली, दोषारोपपत्र गेलं.

असे खटले तालुक्याच्या कोर्टात सहसा लोकअदालतीत मिटतात. फिर्यादी आणि आरोपी समोरासमोर येतात, तडजोड होते, दोघं एकाच जीपने गावी जातात. इथेही वकिलांनी कागद तयार केला. मालक खटला मागे घ्यायला तयार होता. अट एकच: बाईने त्या शेतात पुन्हा पाय ठेवायचा नाही.

अंगठा लावायच्या आधी ती माझ्याकडे वळली. "साहेब, गुन्हा कबूल केला तर?"

"थोडी शिक्षा, दंड."

"पण जाणार न्हाई, असं लिहून द्यावं लागंल का?"

"नाही. पण परत गेलीस तर परत केस होईल."

"व्हऊ द्या. मी कबूल करते."

वकिलांनी समजावलं, न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. ती हलली नाही. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि किरकोळ दंड झाला. दिवसभर ती दाराजवळच्या बाकावर पदर घट्ट धरून बसली. आजूबाजूला माणसं खटले मिटवून हसत बाहेर पडत होती. मालक तिच्यासमोरून मान खाली घालून गेला.

पुढच्या वर्षी ती ठाण्यात आली. मला वाटलं, पुन्हा तक्रार झाली.

"न्हाई साहेब. त्यांनी समद्या रानात ऊस लावला. नांगरट केली, बांध मोडला. मी आत लई हिंडले. मपली लेक कुठं हाय, तेच गावंना."

तिची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. सांगायला दुसरं कुणी नसेल. हवालदार बाईंनी तिला पाणी दिलं. ते पिऊन ती उठून गेली. त्यानंतर तिच्यावर कधी गुन्हा दाखल झाला नाही.

तडजोड चांगलीच असते; माणसं तुरुंगाबाहेर राहतात, वैर वाढत नाही. पण त्या कागदावर माणूस काय सोडून देतो, ते तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून निवृत्त होईपर्यंत, दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेला कुणीही समोर आला, की कलम लावण्याआधी मी त्याला खाली बसवून विचारत असे, "तिथं तुझं काय हाय?"