सरांनी ठेवून घेतलेलं पत्र

आमच्या कॉलेजात नौकानयनाचा संघ होता असं सांगितलं की अजूनही लोक हसतात. नाशिकला कुठला समुद्र? पण गंगापूरचं धरण होतं. ऐंशीच्या आसपास आमच्या छोट्या कॉलेजला कुठून तरी शर्यतीच्या दोन वापरलेल्या होड्या मिळाल्या. लांब, निमुळत्या. चौघांनी वल्हवायचं आणि पाचव्यानं मागे बसून दिशा सांभाळायची. बरी होडी मुलांना मिळाली. जिच्या तळाला डांबर लावून कापडाची ठिगळं मारली होती, ती आम्हा मुलींना.

वेळाही तशाच वाटल्या होत्या. मुलांचा सराव सकाळी सहाला, पाणी आरशासारखं असताना. आमचा दुपारी एकला. तोवर वारा सुटलेला असायचा आणि लाटा थेट होडीत यायच्या. मी अंगानं हलकी, म्हणून मागे बसून हाका द्यायचं काम माझं. पायाशी वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवलेला. एक हात सुकाणूच्या दोरीवर, दुसऱ्या हातानं पाणी उपसायचं. जिमखान्याचे सर काठावर खुर्ची टाकून बसत आणि अर्ध्या तासानं घड्याळ बघत.

माझ्या बरोबर समोर, पहिल्या वल्ह्यावर, देवळ्याकडची एक मुलगी होती. वडिलांची कांद्याची शेती. शिकायला ती नाशकात काकांकडे राहायची. काका एसटीत कंडक्टर. वल्हवणारे पाठमोरे जातात आणि मागे बसणारी तेवढी पुढे बघते, त्यामुळे सरावभर तिचा चेहरा माझ्यासमोर असायचा. बाकीच्या तिघी थकल्या की डोळे मिटायच्या. ती मिटायची नाही. तिचं वल्हं पाण्यात गेलं की होडी अंगाखालून सरकल्याचं मला कळायचं. ती म्हणायची, "तू नुसती बोलत राहा. थांबलीस की मला हात दुखतात ते आठवतं."

दुसऱ्या वर्षी पुण्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या. शर्यतीच्या दिवशी जोराचा वारा सुटला. इतर कॉलेजांच्या मुली बावरल्या. आम्ही दोन वर्षं तसल्याच पाण्यात काढली होती. मागून घेतलेल्या होडीत आम्ही दुसऱ्या आलो आणि दुसऱ्या क्रमांकाचा करंडक मिळाला. मुलांचा संघ शेवटून दुसरा आला. परतीच्या एसटीत सर मुलांशेजारी बसून पुढच्या वर्षी काय सुधारायचं ते सांगत होते. आमच्याशी ते एवढंच बोलले, "छान झालं हं. आता अभ्यासाला लागा."

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मुलांचा कप्तान मला लायब्ररीच्या दारात भेटला. तो राज्याच्या संघाची निवड चाचणी देऊन नुकताच आला होता. त्याची निवड झाली नव्हती, पण त्याला बोलायचं होतं ते वेगळंच.

"तुमची पहिल्या वल्ह्याची मुलगी का नाही आली?"

"कुठे?"

"चाचणीला. तिथल्या माणसानं तीनदा तिचं नाव पुकारलं. मी म्हटलं, बस चुकली असेल."

"तिला कोणी बोलावलंच नव्हतं."

तो गोंधळला. "अगं, पत्रं एकाच दिवशी आली होती. सरांनी माझं मला दिलं. तिचंही त्यांच्या हातात होतं, मी पाहिलं."

मी तिला वर्गातून बाहेर बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती तडक जिमखान्याच्या खोलीकडे चालायला लागली. मी मागोमाग गेले. सर कॅरमच्या सोंगट्या मोजत बसले होते. तिनं विचारलं, "सर, माझं पत्र आलं होतं का?"

त्यांनी नाकारलंही नाही. टेबलाचा खण ओढला आणि पाकीट काढलं. फोडलेलं होतं. त्यावर तिचं नाव स्वच्छ अक्षरात टाइप केलेलं होतं.

"परीक्षा जवळ होती," सर म्हणाले. "तुझ्या काकांनी काही पाठवलं नसतं. मग तुला उगाच वाईट वाटलं असतं. म्हणून म्हटलं, नकोच सांगायला."

हे ते मायेनं बोलले. मला अजून सगळ्यात जास्त चीड येते ती त्या मायेची.

तिनं पाकीट उचललं. सर म्हणाले, "ते राहू दे, कॉलेजच्या फाइलला लावायचंय." कॉलेजात ती शहरातल्यासारखी जपून बोलायची. त्या दिवशी तिच्या तोंडून घरची भाषा आली. "हाऊ मना कागद शे." हा माझा कागद आहे. ती पाकीट घेऊन बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी तिचे काका ड्यूटीवरून खाकी कपड्यांतच कॉलेजात आले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. टोपी काढून हातात धरली आणि सरांना म्हणाले, "मी पाठवलं नसतं, हे तुम्ही कशावरून ठरवलं? मला एकदा विचारायचं होतं. मी रजा टाकून स्वतः घेऊन गेलो असतो." सर म्हणाले, हेतू चांगला होता. काका म्हणाले, "तुमचा हेतू घेऊन पोरीनं काय करायचं?"

माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि आमच्या वसाहतीत लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडी भांडू नका. लेखी द्या, पाचही जणी सह्या करा, आणि पोच घ्या." आम्ही अर्ज लिहिला. हेडक्लार्कनं पोच द्यायला खळखळ केली. आम्ही दारातून हललोच नाही, तेव्हा शिक्का मारून दिला. प्राचार्यांनी बोलावलं. अर्ज त्यांच्यासमोर होता. ते म्हणाले, "सर वडिलांसारखे आहेत. गैरसमज झाला असेल. गॅदरिंगच्या आठवड्यात पाहुणे धरणावर येतायत, त्यांच्यासमोर मुलींच्या होडीचं प्रात्यक्षिक ठेवलंय. आता हे वाढवू नका."

मी म्हटलं, "सर, आधी चुकलं असं लिहून द्या."

"कोणी कोणाला लिहून द्यायचं, हे तू मला शिकवणार?"

आम्ही धरणावर गेलो, पण होडीत बसलो नाही. पाहुणे आले, खुर्च्या मांडल्या होत्या, आणि आम्ही पाचजणी काठावर उभ्या राहिलो. सर दोनदा येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "बसा, शोभा करू नका." कोणी जागची हलली नाही. शेवटी मुलांनी दोन फेऱ्या मारल्या आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कप्तान मात्र त्या दिवशी होडीत नव्हता. तो आमच्यापासून थोड्या अंतरावर उभा होता. त्यानं काही भाषण केलं नाही, पण तो होडीत बसला नाही, हे मी विसरलेले नाही.

अर्जाला उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी नोटीस बोर्डावर कागद लागला, मुलींच्या प्रतिसादाअभावी मुलींचं नौकानयन बंद. प्रतिसादाअभावी. आमची होडी धक्क्याजवळ पालथी घालून ठेवली होती, पावसाळ्यात तिचे सांधे उकलले. पुण्यात मिळालेला करंडक प्राचार्यांच्या खोलीत राहिला. वार्षिक अंकात त्याचा फोटो छापला, खाली "आमचा नौकानयन संघ" आणि मागे उभे मुलगे. कप्तान त्यात नव्हता.

ती बीए झाली, देवळ्याला परत गेली, तिथल्याच शाळेत लागली. मी अधूनमधून जाते. मागे एकदा कांद्याच्या चाळीजवळ बसलो होतो, तेव्हा मी म्हटलं, तुझी नक्की निवड झाली असती. ती चिडली, चक्क माझ्यावर.

"तुम्ही सगळे हेच म्हणता. कशावरून झाली असती? तिथं माझ्यापेक्षा चांगल्या पोरी असतील. मी हरलेही असते. पण मला तिथं जाऊन हरायचं होतं."

आता सर हयात नाहीत आणि लोक त्यांच्याविषयी चांगलंच बोलतात. विद्यार्थ्यांसाठी झिजले म्हणतात. झिजले असतीलही. पण पाकिटावर तिचं नाव होतं, ते त्यांनी वाचलं, फोडलं, आणि खण लावून घेतला. याला मी गैरसमज म्हणणार नाही.