पायरीवर बसलेल्या बाई

“त्या बाई आज पण पायरीवरच बसल्यात,” दस्तगीरमामा म्हणाले. महिन्याला एकदा, असं हे तिसऱ्यांदा. मी फाइलमधून मान वर केली नाही. तिकीट सुरू होऊन तीन महिने झाले होते. बाहेर बसणारी माणसं हा माझ्या दृष्टीनं संपलेला विषय होता.

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या चित्रसंग्रहालयात अभिरक्षक आहे. अभिरक्षक म्हणजे क्युरेटर. चित्रं सांभाळायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, लोकांना दाखवायची. आमची इमारत एसटी स्टँडपासून चालत जाण्याजोगी. प्रवेश पहिल्यापासून मोफत. त्यामुळे उन्हाच्या वेळी गाडीची वाट बघणारे लोक आमच्या पंख्याखाली येऊन बसत. काही जण आडवे होत. शेंगांची टरफलं सापडत. एकदा एकानं चित्रातल्या बाईच्या नथीला बोट लावून बघितलं, रंग वर आलाय का म्हणून. त्याच दिवशी मी ट्रस्टला नोट लिहिली : तिकीट लावा, वीस रुपये.

सचिवांना ते लगेच पटलं. पैसे दिले की माणूस नीट वागतो, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थ्यांना सूट ठेवली आणि तिकीट सुरू झालं. हॉल शांत झाला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

पण त्या दिवशी मामा माझ्या खोलीच्या दारातून हलले नाहीत. ते आमचे सुरक्षारक्षक, वीस वर्षांपासून दारावर. म्हणाले, “मॅडम, त्यांना तुमच्याशीच बोलायचंय. मी बिनतिकिटाचं आत सोडतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. माझ्या नोकरीवर येईल म्हणाल्या.”

मी बाहेर गेले. चाळिशीच्या बाई, हातात कापडी पिशवी. नाव सुनंदा. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात बिया सोलायचं काम करतात. बोटांची टोकं काळी पडलेली. त्या उठून उभ्या राहिल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या.

“मॅडम, आत बैलगाडीचं चित्र हाय बघा. त्यातल्या फुडच्या बैलाचा पाय सुटायलाय.”

मला आधी कळेना. आमच्या मोठ्या हॉलमध्ये ओढ्यातून चढाला लागलेल्या बैलगाडीचं एक तैलचित्र आहे. जुनं, इथल्याच एका चित्रकाराचं. मी म्हटलं, चित्र जुनं आहे, बारीक भेगा असायच्याच. त्यांनी मान हलवली. भेग नव्हे, म्हणाल्या. आधी खुराशी केसाएवढी रेघ होती. पुढच्या महिन्यात तिथला रंग पापडासारखा उचललेला.

इतकं बारकाईनं का बघता, असं मी विचारलं. त्यांनी रस्त्याकडं बघितलं.

“मालक कळंब्याला हायती.”

कळंब्याला तलाव आहे आणि तुरुंग आहे. पुढचं त्याच सांगत गेल्या. महिन्यातून एकदा मुलाखत, म्हणजे कैद्याची भेट मिळते. आजऱ्याहून सकाळच्या गाडीनं यायचं, भेटीची वेळ होईपर्यंत कुठंतरी थांबायचं. असंच एकदा उन्हाचं आमच्याकडं शिरल्या होत्या.

“तिथं बोलायचं तरी काय ओ? घरचं सांगितलं तर त्यांच्या जिवाला घोर. म्हणून हितलं चित्र सांगायचं. त्यांच्याकडं बैलं हुती आधी. कुठला पाय फुडं हाय, शेपटी कुठल्या अंगाला हाय, सगळं विचारत्यात. मग नीट बघायला लागतं.”

पाय सुटतोय हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, तिथल्या माणसांच्या कानावर घाल. पुढच्या महिन्यात त्या आल्या, तर दारात तिकीट.

“वीस रुपयं दिलं असतं मी. पर घरात काय सांगू, कशाला दिलं म्हणून? तवापासनं आत जाणं न्हाय झालं. त्यांनी इचारलं की ‘बरा हाय’ म्हणून खोटंच सांगितलंय. आज न्हाय सांगवणार.”

मी त्यांना आत घेऊन गेले. टॉर्च मागवला आणि भिंतीलगत तिरपा धरला. समोरून सपाट दिसणारा रंग उचलला असेल, तर तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. बैलाच्या पायाशी सावल्याच सावल्या होत्या. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर रंगाचा भुगा पडला होता. याला आम्ही फ्लेकिंग म्हणतो. मागं ओल असली की कॅनव्हास फुगतो, आकसतो आणि रंगाची पकड सुटते. भिंतीला हात लावला. गार, दमट. पलीकडं वॉशरूमची पाइप होती.

महिन्यापूर्वीच्या अहवालात मी या चित्रापुढं ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहिलं होतं. हॉलमधून चालता चालता.

चित्र त्याच दिवशी उतरवलं. असं चित्र उभं ठेवत नाहीत, उताणं ठेवतात, नाहीतर सुटलेला रंग गळून पडतो. पुण्याहून संवर्धक आले. त्यांनी पातळ कागद चिकटवून सुटलेले पापुद्रे आधी जागच्या जागी धरले, मग एकेक बसवला. खुराचा नखाएवढा तुकडा मात्र गेलाच होता. ते म्हणाले, दोन-तीन महिने आधी कळलं असतं तर तोही वाचला असता.

बैठकीत मी तिकीट बंद करा म्हणाले. सचिवांनी माझीच नोट पुढं सरकवली. मग शांतपणे विचारलं, पुण्याचा माणूस आणला तो कशातून? झोपायला येणाऱ्यांचं काय? त्यांचंही चुकत नव्हतं. चित्र बघायला बसलेली बाई आणि पंख्याखाली बसलेला माणूस यांतला फरक दारात कसा ओळखायचा, हे मला सांगता आलं नाही. सुनंदाताईही पहिल्यांदा पंख्यासाठीच आल्या होत्या.

शेवटी ठरलं ते असं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांना तिकीट, कारण बाहेरगावचे पर्यटक तेव्हाच येतात. बाकीचे दिवस मोफत. व्हरांड्यात दोन बाकं आणि एक पंखा. टरफलं पुन्हा सापडायला लागली. मामांची कुरकुर चालू असते.

पुढच्या महिन्यात सुनंदाताई आल्या तेव्हा चित्राच्या जागी मोकळी भिंत होती. आज त्यांना काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. पाय वाचला, खुराचा एक तुकडा गेला. तिथं नवा रंग भरतील, पण मुद्दाम किंचित फिका, म्हणजे जुनं कुठलं आणि दुरुस्ती कुठली ते नीट बघणाऱ्याला कळावं. त्यांनी ते दोनदा समजून घेतलं आणि भेटीला गेल्या.

संग्रहालयाला तिकीट असावं की नाही, यावर मला आजही ठाम बोलता येत नाही. तिकीट काढून किती लोक आत आले ते आम्ही दर महिन्याला ट्रस्टला कळवतो. कोण यायचं बंद झालं, हे मामांनी तीनदा सांगितलं होतं आणि मी फाइल वाचत होते.