पेटीतली उलटी रेकॉर्ड

आमच्या सुनेचं एक वागणं मला अजून पचलेलं नाही. माणूस बोलत असतं आणि ही एक कान झाकून बसते. डोक्यावर ते हेडफोनचं काळं कडं, एक वाटी कानावर, दुसरी कानामागं सरकवलेली. मी विचारते, कीर्ती, आमटीला फोडणी दिलीस का? ती मान हलवते. होय म्हणून हलवते का ठेक्यावर हलवते, देवालाच ठाऊक.

उद्या माझी पंचाहत्तरी. चार वाजता गच्चीवर बायका जमणार, पंचाहत्तर दिव्यांनी मला ओवाळणार, आणि गाणी लावणार ती आमची सूनच. विट्यात आणि आसपासच्या गावांत हळद असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, बायकांना बाईच डीजे हवी असली की कीर्तीला बोलावणं येतं. चांगलं आहे. मी कधी नाही म्हणलं नाही. पण तीन दिवस झाले ही उद्याची गाणी निवडत बसलीय, आणि यादी माझ्या हातात दिली ती आज जेवताना. मी तिसरी शिकलेली. बोट ठेवून वाचते, पण वाचते. वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली.

रहाटाचं गाणं नाही.

आठ दिवसांमागं तेच गाणं याच घरात वाजलं होतं. कुठल्याशा जुन्या गाण्यांच्या शौकीन माणसाकडून हिनंच ते मिळवलं होतं. आणि आता यादीतनं गायब! सगळं गाव ज्या घराला भोंगेवाल्याचं घर म्हणतं, त्या घरच्या म्हातारीचा कार्यक्रम, आणि तिचंच गाणं गाळलं. ताट सरकवलं आणि खाटेवर जाऊन पडले.

डोक्यावर पंखा फिरतोय. बाहेरच्या खोलीत कीर्तीचं काम चालू आहे. गाण्याचा एक तुकडा वाजतो, तुटतो. तोच तुकडा परत वाजतो, परत तुटतो. कुणी भाकरी थापायला घ्यावी आणि दर वेळी मोडून परत पिठाचा गोळा करावा, तसं. माझ्या पापण्या जड होतात. तुकडे लांब जातात. मला तहान लागते, मी उठते आणि पाणी प्यायला बाहेरच्या खोलीत जाते.

तिथं कीर्ती नाही. आमचे मालक बसलेत.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मांडी घालून बसलेत, पांढरा सदरा, खिशात पेन्सिल आणि स्क्रूड्रायव्हर. समोर कीर्तीचं यंत्र. त्याच्याकडं असं बघतायत जसं पहिल्या नातवाकडं बघितलं होतं, हात लावावा का लावू नये.

"सगुणा, हिला दोन ताटल्या आहेत गं," ते म्हणतात.

"सुनेचं आहे ते. हात लावू नका, ओरडेल."

"ओरडू दे की. एक वाजत असताना दुसरी तयार! आणि माझी एकच ताटली. रेकॉर्ड बदलेपर्यंत मांडव गप्प व्हायचा. मग मी काय करायचो सांग?"

"माईकमध्ये खोकायचा."

ते हसतात. तोच मागचा दात पडलेला. "खोकायचो नाही गं. हॅलो हॅलो म्हणायचो, नवरदेवाच्या मामांनी स्टेजजवळ यावं म्हणायचो. मामा नसला तरी म्हणायचो. कुणी ना कुणी मामा यायचाच."

मला म्हणायचं असतं, तुम्ही कसे आलात, जेवलात का. पण तोंडातनं निघतं ते वेगळंच. "तुमच्या सुनेला जरा वळण लावा. मी बोलते तेव्हा कान झाकून बसते."

ते ऐकत नाहीत. खाली वाकलेत. ताटलीला कान लावलाय. आणि मी बघते तर ती कीर्तीची ताटली नाही, आमची जुनी हिरवी मशीन आहे, आणि वर स्लॅब नाही, पत्रा आहे. लग्नानंतरची आमची पत्र्याची खोली. पाळण्यात थोरला झोपलाय. मशीनची भोंग्याकडं जाणारी तार काढून ठेवलीय. तरी रेकॉर्ड फिरतेय, आणि हे सुईला कान टेकवून डोळे मिटून पडलेत.

"झोपलात का?" मी विचारते.

मी परत विचारते.

"अहो, दळण आणायचंय. झोपलात का?"

ते न बघता हात वर करतात. थांब. हा हात मला पाठ आहे. या हातावर मी किती वर्षं चिडले! आख्खी दुपार हा माणूस मशीनवर डोकं टेकून पडायचा. माझी सासू म्हणायची, पोराला झोपेचा रोग लागला.

"इकडं ये," ते म्हणतात. "कान लाव."

मी वाकते. सुईला कान लावते. आधी काही नाही. मग आत खोलवर कुणी तरी गातंय. डासाएवढ्या आवाजात, पण शब्द न शब्द. भोंगा नाही, तार नाही, नुसती सुई गातेय.

"उद्या मांडवात काय वाजणार ते आज मला ऐकायला लागतं," ते हळू बोलतात. "कुठं गाणं चढतं, कुठं सुई अडकते, कुठल्या गाण्यामागं कुठलं बसतं. पोरगं झोपलंय, मोठ्यानं कसं लावू? एका कानानं गाणं ऐकायचं. दुसरा कान मोकळा, तुझ्यासाठी."

"मग उत्तर का देत नव्हता?"

"मान हलवायचो की."

मला हसू फुटतं, आणि हसता हसता मी बघते, पत्र्याच्या खोलीची भिंत गेलीय. आम्ही एसटी स्टँडच्या बाकावर बसलोय आणि बाकापुढं कुणाचं तरी सारवलेलं अंगण आहे. लिंबाच्या झाडाला भोंगा बांधलाय, धोतऱ्याच्या फुलासारखा. हळदीची वाटी घेऊन एक बाई अंगणातनं चाललीय. भोंग्यातनं पाळण्याचं गाणं सुरू होतं. बाईच्या हातनं वाटी पडते. ती वाकत नाही, उचलत नाही. पिवळ्या अंगणात नुसती उभी राहते.

"पाळणा रिकामा होता तिचा," हे म्हणतात. "बाळ जाऊन दोनच महिने झालेले. मला ठाऊक नव्हतं."

ही गोष्ट त्यांनी मला जिवंतपणी एकदाच सांगितली होती, भिंतीकडं तोंड करून. त्यानंतर हा माणूस कुठल्याही कार्यक्रमाला आदल्या दिवशी जाऊन आल्याशिवाय उभा राहिला नाही. तार कुठनं न्यायची ते बघतो म्हणायचा. तार कसली! घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपाशी बसायचा, चहा प्यायचा आणि विचारायचा, मावशी, कुठलं गाणं नको? पुष्कळ भोंगेवाले झाले आमच्या भागात. मोठ्या आवाजाचे झाले, मोठ्या गाडीचे झाले. असं विचारणारा हा एकच. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणाले नाही. आता म्हणावं म्हणून वळते, तर ते बाकावर नाहीत.

ते माझ्या खाटेजवळ उकिडवे बसलेत. खाटेखालची पेटी ओढून काढलीय. रेकॉर्डची पेटी. तिला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही, असा त्यांचा कायदा होता. पाकिटं ओळीनं उभी आहेत. त्यातलं एक उलटं. पाकिटावर घागर घेतलेली बाई आहे, तिचं डोकं खाली, घागर खाली, आता पाणी सांडेल असं वाटावं.

"ही उलटी का ते विचार," ते म्हणतात.

"हात थरथरायला लागला होता तुमचा. तुमच्या तेराव्यानंतर मी पेटी पुसली आणि ही सरळ केली."

"सरळ केलीस!" ते कपाळाला हात लावतात. "अगं, ज्या घरात जे गाणं दुखेल ते मी उलटं ठेवायचो. कार्यक्रम झाला की परत सरळ. ही एकच कायम उलटी. रहाटाची."

मला माझं माहेर दिसतं. विहिरीवरचा रहाट, बैलांमागं चालणारे आमचे आबा, गाण्यातही आहे तोच कुर्र कुर्र आवाज. आबा गेले त्याच वर्षी धाकट्या दिराचं लग्न होतं. मांडवात यांनी ते गाणं लावलं आणि मी वाढायचं भांडं तसंच हातात घेऊन कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. सगळी पंगत उठेपर्यंत.

"त्यानंतर तुम्ही ते कधीच लावलं नाही," मी म्हणते. माझा आवाज चढतो. "मला वाटलं विसरलात. दर दिवाळीला वाटायचं आज लावतील, आज लावतील. चाळीस वर्षं!"

"मी पण चाळीस वर्षं थांबलो."

"कशाला?"

"उलटी म्हणजे बंदी नव्हे, सगुणा. घरातलं माणूस आपल्या तोंडानं मागेपर्यंत थांबायचं, एवढंच. आज दुखतं ते उद्या हवंसं वाटतं. पण ते त्याचं त्यानं सांगायचं, आपण ठरवायचं नाही." ते पेटीचं झाकण लावतात. "तू कधी मागितलंच नाहीस. तुझं तोंड एवढं मोठं, पण मागायला म्हणून कधी उघडलं नाही."

"मी कुणाकडं काही मागत नाही."

"ठाऊक आहे की." ते उभे राहतात, गुडघ्यावर हात ठेवून, तसेच कण्हत. "पोरगी माझ्यापेक्षा हुशार आहे. तिला चाळीस वर्षं थांबायला लावू नको."

"अहो, थांबा. चहा टाकते."

ते न बघता हात वर करतात.

मी डोळे उघडते तेव्हा पंखा फिरतोय आणि उन्हाचा पट्टा खाटेच्या पायापर्यंत आलाय. बाहेर गाण्याचा तुकडा वाजतो, तुटतो. मी उठून बसते. कमरेला हात लावते. किल्ली कनवटीला आहे, गाठ सकाळी मारली तशीच. मी खाली बसते, गुडघे बोंबलतात, पेटी ओढते. कुलपावर धूळ. त्यावर बोटाचा ठसा नाही. कुलूप काढते, झाकण उघडते.

सगळी पाकिटं सरळ. मधली एक बाई डोकं खाली करून उभी. घागर खाली. पाकिटाचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला, तोच.

मी अकरा वर्षांपूर्वी या हातानं ते सरळ केलं होतं. मी म्हातारी झालेय, पण बाईच्या हाताला उलटं काही खपत नाही, आणि हा हात माझा आहे. मी ते आता सरळ करत नाही. झाकण लावते आणि बाहेर जाते.

कीर्ती यंत्रासमोर बसलीय. एक कान झाकलेला. डोळे मिटलेले. मान जराशी खाली, डाव्या बाजूला. अगदी तशीच, सुईला कान लावल्यासारखी. हिनं सासऱ्यांना असं बसलेलं कधी बघितलं नाही. ही घरात आली तोवर ते गेले होते. मग ही मान हिला कुणी दिली?

"कीर्ती."

ती हात वर करते. थांब. मग तिला कळतं हात कुणाला दाखवला, आणि ती पटकन कडं काढते. "आत्या, सॉरी, सॉरी. दोन गाणी जुळवत होते. पाणी देऊ?"

"पाणी नको. रहाटाचं गाणं का गाळलंस?"

ती म्हणते, "गाळलं नाही, आत्या. हे बघा." ती पडदा माझ्याकडं वळवते. ओळीच ओळी, सगळ्या पांढऱ्या. सगळ्यात खाली, चार बोटं जागा सोडून, एकच ओळ लाल. "हे बाजूला ठेवलंय. त्या दिवशी मी ते लावलं आणि तुम्ही परसात गेलात. दीड तास आला नाहीत. मी दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले."

"मग मला विचारायचंस."

"तुम्हाला विचारायचं?" ती हसते, आणि हसू लगेच आवरते. "तुम्ही म्हणाला असता, मला काय होतंय, धूर गेला डोळ्यात. म्हणून थांबले. म्हणलं, पाहिजे असलं तर आत्या सांगतील. नाही सांगितलं तर लाल राहू दे."

मी लाल ओळीवर बोट ठेवते. एकेक अक्षर वाचते. तिला घाई नाही. पंचाहत्तर वर्षं मी कुणापुढं हात पसरला नाही, पाण्याच्या तांब्यासाठीसुद्धा नाही. आणि तिचा दुसरा कान, तो नेहमीच मोकळा असतो, हे मी आज पहिल्यांदा बघते.

"ऐक, कीर्ती," मी म्हणते. "भोंगेवाल्याच्या या घराला दोनच माणसं अशी मिळाली, ज्यांना गाणं लावायच्या आधी माणूस ऐकू येतं. एक गेलं. दुसरी तू. उद्या दिवे ओवाळून झाले की ते गाणं लाव. मी मागतेय. आणि पहिल्या कुर्रपासून शेवटच्या कुर्रपर्यंत पुरं लाव. मध्ये तोडलंस तर त्या दोन्ही ताटल्यांत भाकरी वाढीन."