सासऱ्यांसमोर जीभ काढायची होती

"आता तुम्ही त्यांच्या समोर बसा आणि तुमची जीभ पूर्ण बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "ते बघून करतील."

मी उभीच राहिले. डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. बुलढाण्याच्या दवाखान्यातल्या त्या खाटेवर माझे सासरे उशीला टेकून बसले होते. त्यांना मी मामाजी म्हणते. तोंडाची डावी बाजू ओघळलेली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, नाकात नळी. डावा हात मांडीवर कुणी तरी ठेवून गेल्यासारखा पडलेला.

"अहो, बसा ना," बाई म्हणाल्या. लकवा झालेल्या माणसांना बोलायला, गिळायला पुन्हा शिकवायचं हे त्यांचं काम. वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांना कसं सांगावं, की आमच्या घरात सून सासऱ्यासमोर बसत नाही? जीभ काढणं तर लांबच.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामाजींचा चेहरा मी कधी सरळ पाहिला नव्हता. ते अंगणात आले की आधी खाकरायचे, मी बाजूला व्हायची. सासूबाई होत्या तोवर सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर मामाजी भिंतीशी बोलू लागले. "चहा झाला असन तं बरं होईन," असं ते भिंतीला सांगायचे आणि मी चहा आणून ओट्यावर ठेवायची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एका परीने ती मायाच होती. मी कोकणातली, समुद्राकाठची. वडील नव्हते, आठवीतून शाळा सुटली, आणि स्थळ आलं ते मोताळ्याकडचं, तेच पदरात पडलं. इथे आले तेव्हा मासळीच्या वासावाचून मला जेवण जायचं नाही. मामाजी स्वतः गळ्यात माळ घातलेले, अंड्यालाही शिवत नाहीत. पण मोताळ्याच्या बाजाराला गेले की परतताना सुकट आणायचे. वेगळ्या पिशवीत. ती पिशवी गोठ्याच्या खुंटीला अडकवायची, खाकरायचं आणि निघून जायचं. कधी एक शब्द नाही. मी गोठ्यामागे चूल मांडून ती भाजून खायची. त्या माणसासाठी मी काय करणार नाही? पण जीभ काढायची म्हटलं तर मी खाटेपासून मागे सरले.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ओठ आणि जीभ कामाला लागली, घास नीट गिळता आला, तर नाकातली नळी निघेल. नाही तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवावी लागेल, आणि मग तोंडाने खाणं संपलं. मामाजींनी ते ऐकलं होतं. उजवा हात त्यांनी कितीतरी वेळ नाही नाही म्हणून हलवला होता.

बाईंनी सगळं दाखवलं. ओठांचा चंबू करायचा, मग दात दिसतील एवढं हसायचं. गाल फुगवून हवा आत धरायची. जीभ बाहेर, डावीकडे, उजवीकडे, वर नाकाकडे. चमचा जिभेवर दाबायचा आणि जिभेने त्याला ढकलायचं. टाळ्याला जीभ लावून टक्क आवाज काढायचा. दवाखान्यात कुणी काही समजावायला लागलं की आपण चुकणार या भीतीतच माझं अर्धं लक्ष जातं. म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. बाई चिडल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी मी त्यांच्या समोर पाट घेतला. पदर डोक्यावर, नजर खाली. जीभ काढली. वर बघितलं तर मामाजींनी मान भिंतीकडे वळवलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं दुखत असेल. मग कळलं, दुखत नव्हतं. सुनेचं उघडं तोंड, बाहेर आलेली जीभ, हे त्यांना बघवत नव्हतं.

त्यात शेजारच्या चुलत सासूबाई आल्या. त्यांना मी मोठ्या मामी म्हणते. दारातच थबकल्या.

"काय करून राह्यली वो बाई? सासऱ्याले वाकुल्या दाखवते काय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, मामी."

"डाक्टर सांगन तं नाचशीन काय? तुमच्या कोकनात चालत असन. इथं लोक हासतीन."

लोक हसलेच. नळावर बायका एकमेकींना गाल फुगवून दाखवायच्या आणि मी आले की पाण्याचं बोलायच्या.

माझे मिस्टर संभाजीनगरला कंपनीत. रविवारी आले, बापासमोर बसले.

"बाबा, हासा ना जरासे. असं. हाव, असं! पाहा, माह्यापेक्षा चांगलं हासले तुम्ही." मामाजींनी सगळं केलं. गाल फुगवला, डावीकडून हवा फुस्सकन निघाली, तसे दोघंही हसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. संध्याकाळी हे निघून गेले आणि मान पुन्हा भिंतीकडे गेली.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे दिवस फार महत्त्वाचे आहेत. आठवड्यातून एकदा करून काही होणार नाही. घरात दुसरं कोणीच नाही का?" कोणीच नव्हतं.

शेवटी मला जे सुचलं ते केलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला, डोळे झाकले, नाक झाकलं. फक्त ओठ आणि हनुवटी उघडी ठेवली. अशी पाटावर बसले आणि मोठ्याने म्हणाले, भिंतीला म्हणाले, "आता जीभ बाहेर काढायची आहे." आणि काढली. पदराआड लाल अंधार होता. मला काही दिसत नव्हतं. मी नुसती ऐकत होते. बराच वेळ श्वासाचाच आवाज. मग मी जिभेने टक्क केलं. थोड्या वेळाने समोरून एक आवाज आला, ओला, अर्धा, टक्क म्हणता येणार नाही असा. पण आला.

तसेच दिवस गेले. मी आंधळी मास्तरीण आणि ते माझे विद्यार्थी. आवाजावरून मला कळू लागलं. हवा फुस्स झाली की डावा गाल सैल, चमचा दातावर वाजला की जीभ मागे पडली. हळूहळू ओठ मिटायला लागले, लाळ थांबली. एकदोन शब्द ओळखू येऊ लागले. मला वाटलं, आता जमणार.

पुढच्या तपासणीला बाईंनी घट्ट दही मागवलं. "आज गिळून बघू," म्हणाल्या, आणि चमचा माझ्या हातात दिला. मी सवयीने पदर पुढे ओढला.

"हे काय? तुम्हाला त्यांचा गळा दिसतोय का?"

"नाही."

"मग घास खाली गेला की श्वासनळीत, ते कसं कळणार? प्रत्येक घासाला गळ्याची घाटी, हा कंठमणी, वर जाते का बघायचं. तोंड उघडून गालात काही अडकलंय का बघायचं. बोट घालून काढायचं. न बघता भरवाल तर छातीत जाऊन ताप येईल, आणि त्या तापातून ही माणसं वाचत नाहीत."

मी तशीच बसले. मग मामाजींचा आवाज आला. शब्द जाड, ओबडधोबड. पण भिंतीला नव्हता.

"घे... वरतं."

पदर वर घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांत लाज होती, माझ्याही असणार. चमचा पुढे केला. हनुवटी छातीकडे, जसं शिकवलं तसं. घाटी वर गेली, खाली आली. तोंड उघडून बघितलं. डाव्या गालात थोडं दही होतं, ते बोटाने काढलं. दुसरा घासही गेला. मला रडू येत होतं, पण डोळे पुसायला गेले तर गळ्यावरची नजर हटेल म्हणून पुसले नाहीत.

मग बाईंनी चमचाभर पाणी दिलं. ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला, नर्स धावत आली, मशीनने घसा साफ केला.

"घट्ट चालेल," बाई शेवटी म्हणाल्या. "पाणी नाही. पाणी नळीनेच. एक थेंबही तोंडाने द्यायचा नाही. पुढे सुधारेल की नाही, मी सांगू शकत नाही."

आता रोज दुपारी मी ज्वारीच्या कण्या घट्ट शिजवते, वरून दही. त्यांच्या समोर बसते, उघड्या चेहऱ्याने, बघत. मोठ्या मामी एकदा आल्या.

"भाऊजी, सुनेले अशी नजरेसमोर बसवता?"

त्यांच्या तोंडात घास होता आणि घास असताना बोलायचं नाही, म्हणून मीच म्हणाले, "मामी, गालात घास राहिला तर जीव जाईल त्यांचा." त्या आमच्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसल्या. पण उठून गेल्या नाहीत.

उन्हाळा चढलाय. पत्रे तापतात, माठ शेजारीच असतो. खाणं झालं की मामाजी माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "पाणी." हा शब्द आता अगदी स्वच्छ येतो.

"नाही, मामाजी."

"घोटभर."

"नळीने देते ना."

"नळीतलं तोंडाले लागत नाई वं माय."

मी नळीतून पाणी सोडते. मग फडकं भिजवून घट्ट पिळते आणि ओठांवरून फिरवते, तेवढ्याची परवानगी आहे. काल त्यांनी फडक्याचं टोक ओठांत पकडलं. दोन्ही बाजूंनी, सारखं, घट्ट. सोडेनात. मला ओढून काढावं लागलं, आणि ओढायला जोर लागला.