पदकाची पिन

गावोगावी बायका नुकत्याच सरपंच होऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मी जळगावच्या सराफ बाजारात बहिणीच्या बांगड्या आणायला गेलो होतो. दुकानात शेजारी पारोळ्याकडचं एक वयस्कर जोडपं बसलं होतं. त्यातल्या आबांनी रुमालाची घडी उलगडून लष्करातलं पदक कारागिरापुढे ठेवलं. त्याची पिन तुटली होती.

"कोणत्या लढाईतलं, आबा?" कारागिरानं विचारलं.

"लढाईनं नही, भाऊ. वीस वरीस चांगली नोकरी करी, त्यानं शे."

पिनेला डाख देऊन होईपर्यंत आबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसून होते. मग बायका हार लावून बघतात त्या आरशासमोर उभं राहून त्यांनी पदक सदऱ्यावर लावलं.

"आता रोज लावणार का?" मी विचारलं.

"नही, फक्त सकाय झेंडावंदनले," ते म्हणाले आणि बायकोकडे बघून हसले. "हाई आमना गावनी सरपंच शे. आजपावत बठ्ठा साहेबस्ले सलाम ठोका, सकाय हिले ठोकसू."

बाई काही लाजल्याबिजल्या नाहीत. उठून त्यांनी किंचित वाकडं बसलेलं पदक सरळ केलं.

"पहिले दाढी करा," त्या म्हणाल्या, "मंग सलाम."

आबांनी गालांवरून हात फिरवला आणि बाजारात न्हाव्याचं दुकान कुठे आहे, ते मला विचारलं. इतक्या आनंदानं हुकूम पाळणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.